शून्य अपघात, दिवस दोन हजारावा

बाळ पेठे यांचं वय पासष्ट. पाळण्यातलं नाव बाळकृष्ण, पण डोंबिवलीत बाळ नावाची माणसं म्हातारी होतात आणि बाळच राहतात, तसे हेही राहिले. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते तेहतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ मागतात, चांदीचा पेला मागतात. पेठ्यांनी कारखान्याच्या गेटावरचा फळा मागितला.

निळा लाकडी फळा. वर पिवळ्या अक्षरांत 'अपघाताविना सलग दिवस' आणि खाली खडूने आकडा लिहायला काळी पट्टी. कारखान्यात तोवर लाल दिव्यांचा फळा आला होता, त्यामुळे मालकांनी हा आनंदाने दिला, वर एक नारळही दिला. पेठे फळा रिक्षातून मांडीवर घेऊन घरी आले. त्यांची बायको चित्राताई दारातच म्हणाल्या, "घरात नको हं. घरात मी आहे, मला अपघात होणार, मग तुम्ही मलाच मेमो द्याल."

म्हणून फळा सोसायटीच्या गेटाजवळ, वॉचमन जगनच्या केबिनशेजारी लागला. रोज सकाळी सहाला पेठे खाली उतरत, कालचा आकडा ओल्या फडक्याने पुसत आणि एक वाढवून लिहीत. दूधवाला येण्याआधी आकडा बदललेला असे. बघता बघता एकोणीसशे पार झाले.

आता चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत साडेपाच वर्षं कुणाला काहीच झालं नाही, असं कसं होईल? झालं की. पण अपघात कशाला म्हणायचं हे ठरवायचं काम पेठ्यांचं होतं. बी विंगमधली छोटी क्षिप्रा घसरगुंडीवरून पडली, कोपर सोलवटलं. पेठ्यांनी वहीत लिहिलं, 'खेळ'. महेंद्र दुर्वे लॉबीच्या ओल्या फरशीवर सपशेल आडवे झाले आणि आठवडाभर उशी घेऊन बसत होते. 'वैयक्तिक निष्काळजीपणा.' लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे पाऊण तास लटकली, आत तिघं जण आणि एक कुत्रा. 'विलंब.' अपघात नावाचा रकाना कोरा तो कोराच.

हे दुर्वे म्हणजे समोरच्या दाराचे शेजारी. माणूस प्रशस्त, हसणं त्याहून प्रशस्त. डिसेंबरातल्या मीटिंगमधे सहलीचा विषय निघाला तेव्हा तेच म्हणाले, "अरे, दर वर्षी काय तोच हुरडा आणि तेच वांग्याचं भरीत? मी परवा एक रील बघितलेली. आपल्या मोहन्याच्या वरती, उल्हास नदीवर एक मुलगी कनू चालवायला शिकवते. कनू म्हणजे ती लांबट होडी रे, दोघा-दोघांची. फुल सेफ. चला की!"

"पाण्यावर?" पेठे म्हणाले.

"मग होडी काय म्हसोबाच्या माळावर चालवायची?"

मीटिंग हसली. पेठे हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात आकडेमोड चालू होती. जानेवारीतला तिसरा रविवार धरला, तर त्या दिवशी फळ्यावर बरोबर दोन हजार येत होते. कारखान्यात त्यांनी सलग दोन हजार कधी पाहिले नव्हते, कारण दर एक हजाराला मालक पेढे वाटून पुन्हा एकपासून सुरू करायला लावीत. दोन हजार हा त्यांचा स्वतःचा आकडा असणार होता. आयुष्यात दाखवण्यासारखं काय केलंत, असं कुणी विचारलं तर बोट दाखवायला. आणि नेमकं त्याच दिवशी हे लोक पाण्यावर जायचं म्हणत होते.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर नियोजन करायला मिळत नाही, आणि नियोजन हा पेठ्यांचा एकुलता एक छंद.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मात्र सुरक्षा माझ्याकडे."

तीन आठवड्यांत त्यांनी एक्केचाळीस कलमांची पुस्तिका काढली. स्पायरल बाइंडिंग केली. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी कलमं सोन्यासारखी होती. कुठे जातो आणि किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवावे. औषधे आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधावे. साडी, धोतर, लोंबते दागिने नकोत. वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत का, याची आदल्या दिवशी चौकशी करावी. उरलेली कलमं पेठ्यांची होती. कलम सत्तावीस: 'दर पंधरा मिनिटांनी सुरक्षाप्रमुख शिरगणती करील.' कलम तेहतीस: 'नदीत विनोद करू नयेत.'

सगळा घोटाळा झाला तो कलम चारमुळे. 'प्रत्येकाने आपले वजन लिहून सही करावी. त्यावरून जोड्या लावण्यात येतील.' कल्पना अगदी शास्त्रशुद्ध. पण सोसायटीचा रिवाज असा, की जे काही लिहायचं ते गेटावरच्या नोटीसबोर्डावर, सर्वांच्या माहितीसाठी. पाण्याची वेळ तिथे, पार्किंगचा तंटा तिथे, कुणाच्या कुत्र्याने कुठे काय केलं तेही तिथे. तसा वजनांचा तक्ताही तिथेच लागला, दोरीला पेन बांधून.

घरी पेठ्यांनी बायकोला विचारलं, "तुझं किती लिहू?"

"पंचावन्न."

"अगं, मागच्याच महिन्यात डॉक्टरांकडे अडुसष्ट—"

"बोर्डावर लावणार आहात ना? खाली त्या सगळ्या भाजी घ्यायला उभ्या असतात. पंचावन्न."

पेठ्यांनी पंचावन्न लिहिलं आणि त्याच शाईत स्वतःचंही चौसष्ट लिहून टाकलं. ते चौसष्ट त्यांच्या लग्नातलं होतं. दोन दिवसांत पंधरा जणांनी तक्ता भरला, आणि एकाही माणसाने जेवण कमी न करता सोसायटी कागदावर दीडशे किलोंनी उतरली. महेंद्र दुर्व्यांनी लिहिलं होतं बहात्तर. पेठे त्या आकड्याकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. दुर्वे लिफ्टमधे शिरले की लिफ्ट बोटभर खाली बसते हे त्यांनी रोज पाहिलेलं. पण खाली सही होती. डोळ्यांना दिसतं ते एक आणि सहीनिशी आहे ते दुसरं, असा पेच पडला तर सहीकडे जायचं, हे पेठे तेहतीस वर्षांत शिकले होते.

मोहन्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, "काका, जॅकेटं आमच्याकडे आहेत. सगळ्या साइजची." पण चित्राताई आणि समस्त महिलावर्गाचं म्हणणं पडलं की कुणाकुणाच्या घामाची ती जॅकेटं, कोण घालणार? म्हणून विठ्ठलवाडीच्या बाजूला एका दुकानातून पंधरा नवी कोरी जॅकेटं आली. माल चांगला होता, शिक्क्याचा होता. फक्त मापं तक्त्यावरून दिलेली.

मग हॉलमधे रंगीत तालीम. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोन मांडून होड्या केल्या आणि वल्ह्यांच्या जागी प्रत्येकाने घरचा लांब झाडूचा किंवा पोछ्याचा दांडा आणला. एक शिट्टी म्हणजे वल्ही वर, जागच्या जागी थांबा. दोन शिट्ट्या म्हणजे डावा काठ. तीन म्हणजे उजवा. पंधरा माणसं शिट्टीसरशी पोछे उंचावत होती आणि दारातून डोकावणारी क्षिप्रा हसून हसून लोळत होती. तालीम फत्ते झाली. हॉलमधे कुणीच बुडालं नाही.

रविवारी सकाळी सहाला पेठे खाली आले. जगनने स्टूल आणून दिलं. कालचे १९९९ पुसून त्यांनी सावकाश, चुन्याने रांगोळी घालावी तसे २००० लिहिले.

"साहेब, दिवस तर आता उजाडतोय," जगन म्हणाला. "आजचा आकडा आत्ताच?"

"कारखान्यातही सकाळीच लिहायचे. पाळी सुरू व्हायच्या आधी."

"आणि मग दिवसभरात काय झालं तर?"

"एकदा लिहिलेला आकडा बघून माणसं सांभाळून वागतात," पेठे म्हणाले. हे वाक्य त्यांनी मालकांकडून उचललेलं होतं. संध्याकाळी पाच वाजता गेटापाशी केक यायचा होता. त्यावरही २०००, क्रीमचे.

बस शहाडवरून मोहन्याकडे वळली, एका बंद पडलेल्या कारखान्याची उजाड भिंत मागे पडली आणि वस्तीच्या शेवटी नदी आली. रुंद, हिरवट, झोपल्यासारखी. कडेने जलपर्णीचे गालिचे. काठावर नऊ-दहा लाल-निळ्या होड्या पालथ्या घातलेल्या. पंचविशीची एक मुलगी टोपी उलटी घालून पुढे आली. "मी रुचिता तरे. हे माझे बाबा."

बाबा होडीचा दोर सोडवत होते. काळासावळा, सडसडीत गडी. त्यांनी मान वर केली आणि थांबलेच.

"वलखलं का, पेठेसाहेब?"

पेठ्यांनी ओळखलं नाही. मग त्या माणसाने उजवा हात पुढे केला. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून नव्हतं. पेठ्यांनी हात ओळखला.

तानाजी तरे. मिक्सर विभाग. साल अठ्ठ्याण्णव. मिक्सरच्या फिरत्या पट्ट्यावरची जाळी आठवडाभर दुरुस्तीला गेलेली आणि काम थांबवायचं नाही असा वरून निरोप. फळ्यावर नऊशे नव्याण्णव. दुसऱ्या दिवशी हजारावा, मोठे मालक स्वतः येणार, पेढ्यांची ऑर्डर गेलेली. दुपारी तीनला तानाजीचं बोट पट्ट्यात गेलं. पेठे स्वतः त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले, स्वतःचा रुमाल बांधला, रात्री आठपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. आणि मग कारखान्यात परत येऊन वहीत लिहिलं: 'कामगार क्र. ११४, राहत्या घरी, दाराच्या फटीत बोट सापडून इजा.' दुसऱ्या दिवशी फळ्यावर हजार आले. पेढ्याचा एक बॉक्स तानाजीच्या घरीही गेला.

"बाबा, हेच का ते दारवाले साहेब?" रुचिताने विचारलं. घरात ही गोष्ट सांगितली जात असावी, हे पेठ्यांच्या ध्यानात आलं.

तानाजी मोकळेपणी हसला. "यंच ते. साहेब, एक गोष्ट इचारू? सत्तावीस वर्सं इचारीन इचारीन करतंय. कंच्या दारान सापरलं माजं बोट? आमचे घराला तवा दारच नव्हतां. गोनपाटाचा परदा व्हता."

दुर्वे जोरात हसले, मग भोवती कुणी हसत नाही हे पाहून थांबले. पेठे पुस्तिका चाळू लागले.

"चला, जॅकेटं घाला," रुचिता म्हणाली.

पंधरा नवी जॅकेटं बाहेर निघाली आणि काठावर विलक्षण धडपड सुरू झाली. दुर्व्यांचं जॅकेट दोन्ही बाजूंनी प्रयत्न करूनही बंडीसारखं उघडंच राहिलं. कुणाची बक्कल लागे पण श्वास बंद होई. रुचिता कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ही कुणाच्या मापाची घेतली?"

"सहीनिशी दिलेल्या मापांची," पेठे म्हणाले आणि तक्त्याची नक्कल पुढे केली. तिने ती वाचली, एकदा कागदाकडे आणि एकदा दुर्व्यांकडे पाहिलं.

"काका, नदीला सही वाचता येत नाही हो. बाबा, यांना बघा जरा."

मग तानाजीने एकेकाला नुसतं डोळ्यांनी तोललं. बाजारात मासे तोलतात तसं, न उचलता. "यो मोठा. या बाई मधल्या. तुमी साहेब, मोठाच." काठावरच्या पेटाऱ्यातून वापरलेली, उन्हाने विटलेली जॅकेटं निघाली. रुचिताने प्रत्येकाच्या कमरेपासून वरपर्यंत पट्टे आवळले आणि मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहिलं. "कानापर्यंत आलं तर ते जॅकेट नाही, हार आहे. जागचं हललं नाही तर ठीक." घामाचं कुणी नाव काढलं नाही. चित्राताईंनीसुद्धा विटकं जॅकेट निमूट चढवलं. "दीडशे किलो आपले कुठून कुठे गेले होते ते कळलं बाई," एवढंच पुटपुटल्या.

पेठे मात्र हटून बसले. "माझं मला बरोबर होतं." सुरक्षाप्रमुखानेच माप बदललं तर तक्ता खोटा ठरतो, आणि तक्ता खोटा ठरला की पुढे काय काय खोटं ठरेल, याचा त्यांना आज सकाळपासून नेम नव्हता. रुचिता तपासायला आली तेव्हा त्यांनी पोट पार पाठीला लावलं, श्वास कोंडला आणि तिन्ही बकला लागल्या. तिने खांदे ओढून पाहिले. हललं नाही. "हम्म," ती म्हणाली आणि पुढे गेली. ती पाठमोरी झाल्याबरोबर पेठ्यांनी खालच्या दोन बकला हळूच सोडल्या. तपासणीपुरतं सगळं ठीक दिसावं ही कला त्यांना कुणी शिकवायला नको होती.

निघण्याआधी रुचिताने चार गोष्टी सांगितल्या आणि चारच सांगितल्या. होडीत उभं राहायचं नाही. होडी उलटली तर होडी सोडायची नाही. वाहत निघालात तर पाठीवर पडायचं, पाय वर, पायांची दिशा पुढे. आणि ते खाली वळणापलीकडे पांढरे खांब दिसतात तो बंधारा. तिथलं पाणी गप्प दिसतं पण ओढतं, म्हणून काठावरच्या त्या पिंपळाच्या पुढे कुणी जायचं नाही. "बस. बाकी मी बघते."

"फक्त चार?" पेठे म्हणाले.

"पाण्यात पडल्यावर एवढ्याच आठवतात, काका."

जोड्याही तिनेच लावल्या. दुर्वे तानाजीबरोबर मोठ्या होडीत, पेठे बायकोबरोबर, आणि ती स्वतः एकटी, पाणकोंबडीसारखी इकडून तिकडे. पहिली दहा मिनिटं सुखाची गेली. पाणी वल्ह्याखाली चुबुक चुबुक करत होतं, खंड्या पक्षी एका तारेवरून पाण्यात सुरकांडी मारून गेला. चित्राताई म्हणाल्या, "किती छान आहे नाही? चाळीस वर्षं कल्याणच्या पुलावरून नदी बघितली, खालून कधी नाही."

"पंधरा मिनिटं होत आली," पेठे म्हणाले.

कलम सत्तावीस. त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... पण दुर्व्यांची होडी नेमकी मधे आली होती आणि दुर्व्यांच्या पलीकडचं काहीही दिसत नव्हतं.

"अहो, बसून मोजा," चित्राताई म्हणाल्या.

"दोन होड्या दिसत नाहीत."

"तिने सांगितलंय ना, उभं नाही राहायचं!"

"ते पर्यटकांसाठी गं," पेठे म्हणाले, आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरून होडीत उभे राहिले. सगळ्यांनी थांबावं, नीट मोजता यावं, म्हणून त्यांनी जोरात एक शिट्टी फुंकली.

तालीम चोख झाली होती, इथेच घात झाला. एका शिट्टीसरशी बाकीच्या सातही होड्यांमधली सोसायटीची माणसं शिस्तीत वल्ही डोक्यावर उंचावून बसली. हॉलमधे खुर्च्या जागच्या जागी राहत. इथे नदी होती. वल्ही आकाशात आणि होड्या तिरप्या होत, एकामागून एक, देवीच्या पालखीसारख्या पिंपळाच्या दिशेने निघाल्या.

"वल्ही खाली! खाली घ्या! कोणी वाजवली शिट्टी?" रुचिता ओरडली. पेठ्यांनी वळून पाहिलं. वळायला नको होतं. होडी एका कुशीवर झाली आणि नवराबायको दोघंही पाण्यात गेली.

चित्राताईंचं विटकं जॅकेट त्यांना बुचासारखं वर घेऊन आलं. त्यांनी एका हाताने होडी धरली, पाठीवर पडल्या, पाय वर केले आणि तशाच ओरडल्या, "मी बरी आहे! यांना बघा, यांना!"

पेठे पाण्याखाली होते. जॅकेट आपलं काम करत होतं, म्हणजे वर येत होतं, पण पेठे त्याच्याबरोबर येत नव्हते. सुटलेल्या पट्ट्यांतून ते छातीवरून सरकून नाकावर, कपाळावर आलं, हात वर अडकले, शिट्टी तोंडातच होती आणि त्यांनी श्वास घेतला तेव्हा आत पाणी गेलं. हिरवा अंधार होता. कानात घुमत होतं. आणि आश्चर्य म्हणजे त्या वेळी त्यांना ना बायको आठवली ना देव. आठवलं की फळ्यावर सकाळीच दोन हजार लिहून ठेवले आहेत. आपण इथे बुडलो तरी गेटावर ते तसेच राहतील.

मग मानेच्या मागे शर्टाला कुणीतरी घट्ट पकडलं. चार बोटांची पकड, पण सुटणारी नव्हती. हवा लागली. "पाय मारू नको, साहेब! पाय मारू नको! उताना पर!" तानाजी होडीतून अर्धा बाहेर लवून त्यांना धरून होता आणि दुर्वे, आयुष्यात प्रथमच वजनाचा उपयोग होत असलेले, पलीकडच्या बाजूला गच्च बसून होडीचा तोल धरून होते. रुचिताने तोवर बाकीच्यांना हाकारून, शिव्या आवरत, काठाला लावलं. पिंपळ अजून वीसेक हात पुढे होता.

काठावर पेठ्यांनी नदी भडाभडा बाहेर काढली. कुणी अंगावर टॉवेल टाकला, कुणी चहा दिला. सगळे जिवंत, सगळे शाबूत, फक्त एक चष्मा आणि एक स्पायरल पुस्तिका वाहून गेलेली. रुचिता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिने जॅकेटच्या खालच्या दोन बकला बोटाने वाजवून दाखवल्या. पेठ्यांनी खाली पाहिलं.

"तुमच्यापायी माझ्या बाबांनी आज पाण्यात उडी घेतली असती," ती म्हणाली. "पंधरा माणसं माझ्या जबाबदारीवर होती. कुणाला काही झालं असतं तर मला हे सगळं बंद करून घरी बसावं लागलं असतं."

परतीच्या बसमधे दुर्व्यांनी माणुसकीने विषय काढला. "पेठे, टेन्शन नका घेऊ यार. आपण असं म्हणू, तुम्ही स्वतःहून उतरलात. स्वेच्छेने पोहलात."

"किंवा प्रात्यक्षिक," मागून कुणीतरी म्हणालं. "बुडणाऱ्याला कसं वाचवावं, याचं."

"बरोबर! अपघात कुठे? रक्त आलं का? नाही. मग?"

सगळी बस मनापासून मदत करत होती. खेळ, प्रात्यक्षिक, जलस्नान, मकरसंक्रांतीचं पुण्य. साडेपाच वर्षं पेठ्यांनी त्यांना जे शिकवलं ते ते आता घडाघडा म्हणून दाखवत होते. केक पाचला येणार होता. त्यावर आकडा आधीच काढलेला होता.

पेठे खिडकीबाहेर बघत होते. निघताना तानाजी बसपर्यंत पोचवायला आला होता. पेठ्यांना त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण आधी तोच म्हणाला होता, अगदी सहज, टॉवेल परत घेताना, "लिवा ना साहेब, घरीच न्हाताना बुरलू म्हनून. तुमचे घराला तं दार हाय."

गेटावर टेबल मांडलं होतं. केक आला होता. निळ्या फळ्यावर सकाळचे खडूचे २००० ऐटीत उभे होते, आणि शेजारच्या बोर्डावर वजनांचा तक्ताही अजून लटकत होता. टाळ्या वाजवायला बी विंगही उतरली होती. पेठे सरळ केबिनमधे गेले, ओलं फडकं घेतलं, स्टूल ओढलं आणि आकडा पुसला. दोन गेला, मग तीन शून्यांतली दोन गेली. उरलेल्या शून्याजवळ ते थांबले आणि ते तसंच ठेवून उतरले.

"अहो, काय करताय!" दुर्वे म्हणाले. "केकवर लिहिलंय ना!"

"केक खा," पेठे म्हणाले. मग पुन्हा स्टुलावर चढले आणि शून्याखालच्या मोकळ्या जागेत खडूने लिहायला लागले. हात ओला असल्यामुळे खडू तुटत होता. 'आज: बाळ पेठे. नदीत पडले. जॅकेटच्या बकला स्वतः सोडल्या, होडीत उभे राहिले.' जरा थांबले. त्याखाली आणखी एक ओळ घातली. 'सप्टेंबर १९९८: तानाजी तरे, मिक्सर विभाग. उजव्या हाताचे बोट. पट्ट्याला जाळी नव्हती.'

बी विंगच्या एक बाई जवळ जाऊन वाचू लागल्या. "हे तानाजी तरे कोण हो? कुठल्या विंगमधे असतात? मी तर कधी बघितलं नाही."

बी विंगमधे कुणालाच माहीत नव्हतं. पेठे उरलेला खडू खिशात टाकून स्टुलावरून उतरले. चित्राताईंनी तेवढ्यात दोरीला बांधलेलं पेन उचललं, तक्त्यातलं पंचावन्न खोडलं, अडुसष्ट लिहिलं आणि पेन दुर्व्यांच्या हातात दिलं. दुर्व्यांनी ते हातातल्या हातात बराच वेळ फिरवलं, आणि मग केक कापायची सुरी कुठे आहे म्हणून मोठ्याने विचारलं.

लोक केक खायला लागले. जगनने फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि स्टूल उचलता उचलता पेठ्यांना विचारलं, "साहेब, उद्या सकाळी मग एक लिहायचा ना? स्टूल काढून ठेवतो."

"सकाळी नाही," पेठे म्हणाले. "संध्याकाळी. दिवस गेल्यावर."